तिसऱ्या सिलिंडरचा वाद

“ताई, तुमची गाडी तीन पायांवर चालली आहे.”

ज्या माणसाचे हे माझ्याशी बोललेले पहिले वाक्य, त्याच्याशी मी गेली एक्केचाळीस वर्षे संसार करते आहे. तेव्हा त्या वाक्याचा राग एव्हाना विरला असेल, असे घरात सर्वांना वाटते. विरलेला नाही. उलट, आमच्या नाती ही हकीकत आपल्या मैत्रिणींना ज्या थाटात सांगतात — आजीची गाडी बंद पडली, आजोबांनी ती दुरुस्त केली, आजी त्यांच्यावर भाळली — तो थाट ऐकून माझा राग नव्याने पेटतो. गाडी बंद पडली नव्हती. दोष मी शोधला होता. आणि भाळले कोण, हे प्रत्येकीने पुढे वाचून स्वतः ठरवावे.

थंडीचे दिवस होते. सकाळचे पावणेसात. चढाच्या वळणावर समोरून दुधाची गाडी येत होती, म्हणून मी थांबले होते. इंजिन चालू होते. पण बॉनेटखाली ते जे करीत होते त्याला चालणे म्हणवत नव्हते. तीन ठोके नीट, चौथ्याला हिसका. तीन ठोके नीट, पुन्हा हिसका. काचेवर माझ्या श्वासाचे धुके साचले होते. ते बोटाने पुसले, तर पलीकडे एक चेहरा. गळ्याला मफलर, विस्कटलेले केस, खांद्याला कॅनव्हासची पिशवी आणि हातात अर्धे खाल्लेले सफरचंद. काच खाली केली तर त्याने वरचे वाक्य ऐकवले.

“मला मोजता येतं,” मी म्हटले.

“मग चौथा पाय कुठे गेला?”

“चौथा आहे जागेवर. तिसरा गेलाय.”

त्याने चावणे थांबवले. “तिसरा? नुसतं ऐकून सांगताय?”

“तपासून सांगते.”

“कुणी तपासलं... भावानं?”

हा प्रश्न त्याने विचारायला नको होता. मी काच वर चढवली, गाडी गिअरमध्ये टाकली. आणि त्या कृतघ्न इंजिनाने नेमका त्याच क्षणी असा काही हिसका दिला की माझे कपाळ स्टिअरिंगला टेकता टेकता राहिले. काचेपलीकडे तो हसला. मोठ्याने नव्हे, पण डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडेपर्यंत. मग सफरचंदानेच पुढच्या चौकाकडे, पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवावे तशी खूण केली. तिथे गॅरेजची पाटी होती, हे मला रोज दिसत होते. तो गॅरेजवाला हाच, हे त्या दिवशी कळले.

मी त्या वेळी चोवीस वर्षांची होते आणि एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असे. सकाळी सातला पहिला वर्ग भरे, संध्याकाळी सातला शेवटचा सुटे. वीस यंत्रे एकदम खडखडत असताना कोणत्या मुलीचे कोणते बोट आळस करते आहे, ते मला पाठमोरे उभे राहूनही कळत असे. असला कान असलेल्या बाईला एक यःकश्चित हिसका ऐकू आला नसेल, असे त्या गृहस्थाला का वाटावे?

गाडी माझ्या वडिलांची. बाबांनी हयातभर जमिनी मोजल्या, त्या मोजणीच्या फिरतीसाठी ती घेतलेली. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. या प्रकाराच्या दोन वर्षे आधी एका तापात बाबांचे कान पूर्ण गेले. समोर तोंड करून सावकाश बोलले तर ते ओठांवरून समजून घेत. पण घरात सावकाश बोलायला वेळ कोणाला होता? आई गेल्यापासून घराची सूत्रे दादाकडे होती. दादा आधी चिठ्ठ्या लिहीत असे. पुढे चिठ्ठ्याही थांबल्या.

गाडीपाशी मात्र आम्हा दोघांना ओठांची गरज पडत नसे. रोज संध्याकाळी मी इंजिन सुरू करायची; बाबा एक तळहात मडगार्डवर ठेवायचे, दुसरा माझ्यापुढे धरायचे. मला जे ऐकू येई ते मी बोटाने त्यांच्या तळव्यावर वाजवायची — ठक, ठक, ठक, ठक. मडगार्डवरच्या हाताला कळलेले आणि माझ्या बोटाने सांगितलेले बाबा ताडून पाहत आणि मान डोलावीत. मग फेरफटका. त्या अर्ध्या तासात ते दिवसभराचे बोलत: पेपरातले, शेजाऱ्यांचे, आईचे. घरात शिरले की पुन्हा मुके. ती गाडी गेली असती तर माझ्या वडिलांशी बोलण्याची माझी भाषाच गेली असती. इतके सरळ होते ते.

आणि ती जाणार होती. हिसके सुरू झाल्यावर दादाने परस्पर ठरवले की हे धूड काढायचे. भंगारवाला रविवारी सकाळी दहाला येईल. बाबांना विचारणे दूरच, बाबांच्या हत्यारांची पेटी त्याने आठवडाभर आधीच कुणाला तरी देऊन टाकली होती. जाब विचारला तर म्हणाला, “अगं, त्यांना ऐकू येत नाही आणि तुला त्यातलं कळत नाही. पेटी कुणासाठी ठेवायची?”

मला त्यातले कळत नव्हते म्हणे. ऐका तर मग. इंजिन चालू ठेवून, कोरडे फडके हातात धरून, मी एकेका प्लगची वायर काढून पाहिली होती. वायर काढली की ते सिलिंडर बंद पडते. इंजिन आणखी अडखळले तर समजावे, बिचारे काम करीत होते. आणि काढूनही काडीचा फरक पडला नाही, तर ते आधीपासूनच मेलेले. पहिल्याला इंजिन अडखळले, दुसऱ्याला अडखळले, चौथ्याला अडखळले. तिसऱ्याला ढिम्म. प्लग बदलून पाहिले, दोष तिसऱ्यातच राहिला. मग बाबांनी पुढून हँडल घालून इंजिन हाताने फिरवले: कोंडलेल्या हवेचे तीन दम घट्ट, एक पोकळ. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडले, तरी पोकळच. म्हणजे पिस्टनच्या रिंगा शाबूत. दम व्हॉल्व्हमधून निसटतो आहे. व्हॉल्व्ह म्हणजे सिलिंडरचे दार. त्याला ढकलणारा टॅपेट घट्ट बसला की दार पुरते मिटत नाही. बाबांनी दोन बोटे एकमेकांवर दाबून दाखवले: घट्ट. मग किंचित सोडली: एवढी फट हवी. रोगनिदान पूर्ण होते. नव्हता फक्त पाना. तो दादाने पेटीबरोबर देऊन टाकला होता.

म्हणून — आणि केवळ म्हणून — दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, पहाटे मी गाडी त्या पत्र्याच्या शेडखाली नेऊन उभी केली. गॅरेज नऊला उघडे आणि सहाला बंद होई. माझ्या वेळांशी त्याच्या वेळा जुळणे शक्य नव्हते. शेडमधल्या प्रत्येक गाडीच्या स्टिअरिंगला दोरीने एक कार्ड बांधलेले असे. एका बाजूला ‘तक्रार’, दुसऱ्या बाजूला ‘शेरा’. कोरे कार्ड घेऊन मी तक्रारीत लिहिले: ‘तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट घट्ट आहे. सैल करावा. इतर कशालाही हात लावू नये.’

रात्री परतताना कार्ड पाहिले. शेरा: ‘ताई, तिसरं ठणठणीत आहे. दुसरं मेलंय. दुसरं करू का?’

मी तिथेच, रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात, लिहिले: ‘मी तीन वेळा तपासलं आहे. तिसरंच. आणि मी आपली ताई नाही.’

बुधवारचा शेरा: ‘मी चार वेळा तपासलं. दुसरंच. ताई म्हणणं बंद. तुमचं अक्षर सुंदर आहे.’

अक्षर सुंदर आहे म्हणे! मी काय अक्षराचा दाखला मागायला गेले होते? गुरुवारी पहाटे मी मुद्दाम इन्स्टिट्यूटच्या यंत्रावर टाइप केलेला कागद त्या कार्डाला टाचला, म्हणजे स्तुतीला जागाच उरू नये. ‘तिसरे सिलिंडर. रविवारपूर्वी. कृपया.’

संध्याकाळी शेरा तयार: ‘राग टाइपमध्येही दिसतो. “तिसरे” इतक्या जोरात मारलंय की कागदाला भोक पडलंय. त्या भोकातून मी आज दिवसभर रस्ता बघत होतो... तुम्ही सातनंतर येता, मी सहाला जातो. हा दोष कुठल्या सिलिंडरचा?’

हे मी शेडबाहेर दिव्याखाली बसून दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचले ते केवळ अर्थ नीट लागला नाही म्हणून. शुक्रवारी मी कार्डावर काहीच लिहिले नाही. काय लिहावे ते सुचेना. आणि न सुचण्याचा मला भयंकर संताप आला, कारण तो प्रकार माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होता. रात्री शेरा पाहिला, तर एकच ओळ: ‘केलं. तिसरं. तुमच्या म्हणण्याप्रमाणे.’

शनिवारी इन्स्टिट्यूट अर्धा दिवस. दोन वाजता मी शेडपाशी पोचले, तेव्हा तो गाडीजवळच उभा होता; केस ओले करून बसवलेले, बाह्या उतरवून मनगटापर्यंत बटणे लावलेली. माझ्याकडे पाहून त्याने काहीतरी म्हणण्यासाठी तोंड उघडले, आणि — कोणते संबोधन वापरावे ते न कळल्याने — मिटले. मी मानेनेच नमस्कार केला आणि किल्ली फिरवली.

हिसका तसाच. शिवाय आता त्याच्यावर टकटक. एखाद्या नवशिक्या मुलीने एकाच अक्षरावर बोट आपटत राहावे, तशी.

“हे काय केलंत?”

“तिसऱ्याचा टॅपेट सैल केला. तुम्ही लिहिलं होतं तसा.”

“मग ही टकटक कसली?”

“तो घट्ट नव्हताच. बरोबर होता. आता सैल झालाय, म्हणून वाजतोय.”

मी इंजिन बंद केले. “बरोबर होता, हे तुम्हाला उघडल्यावर दिसलं?”

“उघडायच्या आधीपासून माहीत होतं.”

“आणि दुसरं मेलंय असं वाटत होतं.”

“वाटत नव्हतं. समोर दिसत होतं.”

“तरी तिसरं सैल केलंत.”

त्याने हातातल्या तेलकट फडक्याची घडी घालायला सुरुवात केली. चौकोनी, कोपऱ्याला कोपरा जुळवून. “तीन दिवस तुम्ही एकच शब्द लिहीत होतात,” तो घडीकडे पाहत म्हणाला. “मला वाटलं... एकदा तुमच्या मनासारखं होऊ दे. मी आजवर कुणाच्या सांगण्यावरून चांगल्या टॅपेटला हात लावलेला नाही. कधीच नाही. तुम्ही लिहिलं होतं, म्हणून लावला.”

मुलींनो, या ठिकाणी तुम्ही विरघळाल, हे मला ठाऊक आहे. मी विरघळले नाही. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या, आणि त्या लाजेने तापल्या असे कोणी म्हणेल तर त्याने माझ्यासमोर येऊन म्हणावे.

“माझ्या मनासारखं म्हणजे काय?” मी म्हटले. “मी खेळणं मागितलं होतं का? घरी माझं ऐकायच्या आधीच ‘नाही’ म्हणतात. तुम्ही पटायच्या आधीच ‘हो’ म्हणालात. दोन्हीत मला माणूस म्हणून कुणी मोजलं? मी चुकतेय असं दिसत होतं, तर भांडायचं होतं. शेवटपर्यंत भांडायचं होतं.”

“उद्या... उद्या भांडतो. उद्यापर्यंत वेळ द्या.”

“उद्या सकाळी दहाला ही गाडी भंगारात जाते आहे.”

हे त्याला माहीत नव्हते. घडी घातलेले फडके त्याच्या हातातून खाली पडले. तो ते उचलायलाही वाकला नाही. मी निघाले. आरशात बराच वेळ तो तसाच उभा दिसत होता, आणि आरशात इतका वेळ पाहत गाडी चालवणे धोक्याचे असते हे मला पुरते ठाऊक होते.

घरी बाबा फाटकात उभे होते. त्यांनी मडगार्डवर तळहात ठेवला, दुसरा माझ्यापुढे धरला. माझे बोट हलेना. त्यांनीच मडगार्डवरचा हात काढला, आजारी गुराला थोपटावे तसे दोनदा थोपटले आणि आपल्या त्या उंच, बेसूर झालेल्या आवाजात विचारले, “बिघडलेली आता दोन झाली का गं?” उत्तराची वाट न पाहता ते आत गेले. त्या संध्याकाळी आम्ही फिरायला गेलो नाही. दादा मात्र म्हणाला, की बरे झाले, एकदाचे डोक्यावरचे ओझे उतरेल.

रविवारी सकाळी आठ वाजता फाटकाची कडी वाजली. तो उभा होता. त्याच कॅनव्हासच्या पिशवीत आज हत्यारे होती. पिशवीच्या ओझ्याने एक खांदा झुकलेला.

“भांडायला आलोय,” तो म्हणाला.

मी बॉनेट उघडले. बाबा पायरीवरून उतरून जवळ आले. गाडी रात्रभर थंडीत उभी होती. लोखंडाला दवाचा आणि जुन्या तेलाचा वास येत होता. तो पंख्याच्या बाजूला, पुढे उभा राहिला. मी ड्रायव्हरच्या दाराच्या बाजूला. दोघांनीही बाह्या सारल्या.

“मेलेलं सिलिंडर दुसरं आहे,” तो म्हणाला. “आज मी ऐकणार नाही.”

“ऐकू नका. तिसरं आहे.”

“दुसरं. हे.” त्याने बोट टेकवले.

“तिसरं. हे.” मीही टेकवले.

आणि दोन बोटे एकाच प्लगवर एकमेकांना लागली.

कोणीही हात मागे घेतला नाही. त्याचे बोट थंड होते. किती वेळ गेला कोण जाणे... मी त्याच्याकडे पाहिले, त्याने माझ्याकडे. आणि दोघांच्याही कपाळावर एकच आठी होती. शेजारी बाबांना हसू फुटले. बहिऱ्या माणसाचे हसू. त्यांना स्वतःला ऐकू येत नसल्याने ते कुठे थांबवावे हे कळत नाही. हसत हसतच ते गाडीत जाऊन ड्रायव्हरच्या जागेवर बसले, आणि समोरच्या काचेतून आम्हाला दिसेल असा हात उंच धरून एकेक बोट उघडू लागले: आपल्या बाजूने पुढे, पंख्याकडे. एक. दोन. तीन.

“तुम्ही स्टिअरिंगकडून मोजता?” तो जवळजवळ कुजबुजला.

“म्हणजे? तुम्ही कुठून मोजता?”

“पंख्याकडून. सगळे पंख्याकडूनच मोजतात.”

चार सिलिंडर. इकडून तिसरे ते तिकडून दुसरे. चार दिवस आम्ही दोघे एकाच मेलेल्या सिलिंडरसाठी भांडत होतो, आणि त्याने माझ्या मानाखातर जिवंताला हात लावला होता. मला हसू येत होते, म्हणून मी अधिकच कडक तोंड केले. तो मात्र दाराशी गेला, बाबांच्या समोर वाकला आणि ओठ नीट दिसतील असा, सावकाश, म्हणाला की बाबा, सगळं जग पंख्याकडून मोजतं. बाबांना ऐकू येत नाही हे त्याने त्या हसण्यावरूनच ताडले असावे; पण हे त्याला कोणी शिकवले नव्हते. समोर जाऊन, वाकून, सावकाश बोलणे. आमच्या घरात जे दोन वर्षांत कोणाला जमले नाही, ते त्याला दोन मिनिटांत जमले होते.

“जगाला माझी गाडी चालवायची नाही,” बाबांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर दिले. “जो चालवतो त्याच्यापासून मोजायचं.”

मग काम सुरू झाले. मी हँडल घालून इंजिन थोडे थोडे फिरवीत होते, तो फटीत पातळ पोलादी पत्ती सरकवून माप घेत होता. मेलेल्याला पत्ती शिरेना. ते सैल केले. शुक्रवारी बिघडवलेल्याला पत्ती खुळखुळत होती, ते आवळले. मधूनमधून तो “अजून थोडं” म्हणायचा, मी फिरवायची. “बस” म्हटले की थांबायची. एकदा ‘बस’ म्हणून त्याने वर पाहिले आणि पाहतच राहिला. मी म्हटले, पत्ती खाली आहे. त्याने मुकाट्याने मान खाली घातली.

झाकण बसले. बाबा उतरले आणि मी गाडीत बसून किल्ली फिरवली.

काय सांगू... चार ठोके. सलग, एकसारखे, जणू एकाच हाताची बोटे. बाबांनी मडगार्डवर तळहात ठेवला. मी धावत खाली उतरले आणि त्यांचा दुसरा हात हातात घेतला, पण त्यांनी तो सोडवून घेतला. “कळतंय मला,” ते म्हणाले. “आज सांगायला नको.” त्यांचे डोळे मिटलेले होते.

दादा भंगारवाल्याला घेऊन आला तो याच वेळी. चालते इंजिन ऐकून क्षणभर थबकला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, की हे छानच झाले, आता भंगारात कशाला, एखाद्या चांगल्या गिऱ्हाईकालाच देऊ. चांगल्या गिऱ्हाईकाला. मी जाब विचारायला तोंड उघडले. त्याची गरजच पडली नाही. बाबा दादाच्या ओठांकडेच पाहत होते.

“मी बहिरा आहे,” ते म्हणाले. “मेलेलो नाही. गाडी इथेच राहील.”

भंगारवाला समजूतदार होता. त्याने बॉनेटखाली कौतुकाने एकदा डोकावून पाहिले आणि तो आला तसा गेला. दादाला मात्र कुठे पाहावे ते कळेना. बऱ्याच वेळाने तो बाबांच्या समोर येऊन उभा राहिला आणि काहीतरी म्हणाला, जे मला ऐकू आले नाही. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो आत गेला.

आता अंगणात आम्ही तिघे आणि चालू इंजिन. तो हत्यारे पुसून पिशवीत ठेवत होता. तोच पाना त्याने चौथ्यांदा पुसला. मग माझ्याजवळ आला, मफलरात हनुवटी खुपसून, अगदी हळू म्हणाला, “मला एक... म्हणजे, विचारायचं होतं...”

“मफलर खाली कर,” बाबा गाडीपलीकडून ओरडले. “ओठ दिसत नाहीत.”

समोरच्या घराची खिडकी उघडली. त्याने मफलर काढून हातात घेतला आणि आज्ञाधारकपणे बाबांकडे तोंड करून म्हणाला, “मला यांच्याशी लग्न करायचंय.”

“मला विचारा,” मी म्हटले. “मी इथे उभी आहे.”

तो वळला. “कराल?”

“नाही.”

मी बाबांकडे पाठ केली, म्हणजे माझे ओठ त्यांना दिसू नयेत. आणि जे आजवर कोणाला सांगितले नव्हते ते त्याला सांगितले: की मी गेले तर या माणसाशी बोलायला घरात कोणी उरणार नाही, की दिवसाचा अर्धा तास सोडला तर ते भिंतीकडे पाहत बसतात, की माझ्या सुखासाठी त्यांना मुके करणे मला जमणार नाही. मी रडत नव्हते. थंडीने डोळ्यांना पाणी येते.

त्याने सगळे ऐकून घेतले. ‘मी आहे ना’, ‘बघू काहीतरी’ — असले एकही वाक्य त्याने उच्चारले नाही. उच्चारले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. मला उत्तर न देताच तो गाडीला वळसा घालून बाबांकडे गेला, त्यांच्यासमोर उभा राहिला, आणि कामाच्या माणसाने कामाच्या माणसाशी बोलावे तसा बोलू लागला. माझ्याकडे एक व्हॅन आहे, तो म्हणाला. तीन आठवडे झाले, थरथर कुठून येते ते सापडत नाही. माझे कान चांगले आहेत, पण कानाला सगळे आवाज एकदम ऐकू येतात. तुमच्या तळहाताला एकेक कळतं. मला असा हात हवाय. रोज.

“किती वाजता?” बाबांनी विचारले.

“नऊला उघडतो.”

“मी पावणेनऊला येईन.”

तो माझ्याकडे वळला. चेहऱ्यावर प्रश्न होता, आणि तो पुन्हा विचारण्याचे धाडस नव्हते.

“आधी ते बॉनेट बंद करा,” मी म्हटले. “सगळी गल्ली बघते आहे.”

याचा अर्थ त्याने ‘हो’ असा लावला. बरोबरच लावला, परंतु तो शब्द मी उच्चारला नव्हता, याची नोंद असावी.

मुलगी सासरी जाते आणि बाप दारात उभा राहून पाहतो, अशी जगाची रीत सांगतात. आमच्याकडे बाप दुसऱ्याच दिवशी सकाळी पावणेनऊ वाजता, हातात डबा घेऊन, तरातरा निघून गेला. मी गेले ते पाच महिन्यांनी. आणि माझी पाठवणी करायला घरात बाप कुठे होता? तो पत्र्याच्या शेडखाली, जावयाच्या खुर्चीवर बसून, मला यायला उशीर का झाला म्हणून चढ्या आवाजात विचारीत होता.